इन्सुलिन-प्रतिरोध सगळ्याच गरोदर स्त्रियांना, मग मधुमेह काहींनाच का?

गरोदरपणात मधुमेह का होतो? वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) हार्मोन्समुळे साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन नीट चालेनासं होतं (हाच प्रतिरोध), असं सांगितलं जातं, ते बरोबरच. पण तसं प्रत्येकच गरोदरपणात होतं. शेवटच्या तिमाहीत इन्सुलिनचा प्रभाव साधारण निम्म्यावर येतो. खरा फरक पडतो तो स्वादुपिंडात. तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर प्रोलॅक्टिन या हार्मोनचे रिसेप्टर (इशारा पकडणारे रेणू) असतात. वारेतलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे हार्मोन त्यांनाच चिकटतं आणि पेशींना जास्त इन्सुलिन बनवायला लावतं. उंदरांत तर या इशाऱ्यावर बीटा पेशी चक्क सेरोटोनिन (हो, मेंदूत संदेश पोचवणारं रसायन, तेच!) तयार करतात आणि त्याच्या जोरावर संख्येने वाढतात.

ही कुमक कमी पडली की साखर चढते. प्रसूतीनंतर प्रतिरोध झपाट्याने ओसरतो, पण बीटा पेशींची कमजोरी बहुतेकदा आधीपासूनचीच असते. म्हणून पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका राहतोच.