ऑन्कोजीन (कॅन्सर घडवू शकणारं जीन) असून स्नायू कसे काय बनवतं? स्की जीनबद्दल कोणी सांगेल का

गोंधळलेली_पेशी
नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला सी२सी१२ मिळाल्यात, म्हणजे उंदराच्या स्नायूंच्या पेशी, व्हायल (पेशींची कुपी) एनसीसीएस या इथल्या पेशीविज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीतून आणली. परवा सेमिनारमध्ये गाईडनी विचारलं की सगळेच ऑन्कोजीन डिफरन्सिएशन (पेशीचं ठराविक कामाची पक्की पेशी होणं) थांबवतात का, मी आपलं ठासून म्हटलं हो सर, रास थांबवतं, मिक थांबवतं (दोन्ही ऑन्कोजीनच), पेशी विभागत राहिली तर स्नायू कधी बनणार. सर नुसते हसले आणि म्हणाले सोमवारपर्यंत स्की वाचून या. आता वाचलं तर लिहिलंय की ते ट्रान्सफॉर्मेशन (पेशीला कॅन्सरसारखी बनवणं) पण करतं आणि स्नायू पण बनवतं!! हे दोन्ही एकाच जीनला कसं जमतं? डोकं आउट झालंय.

पाषाणचा_पीएचडी
सर बरोबर हसले :) पण तू पण अर्धी बरोबरच आहेस. आधी नेहमीचा प्रकार बघ. सी२सी१२ ला भरपूर सीरम (रक्तातला वाढीचा खुराक) दिलं की त्या विभागतात, ते काढून २ टक्के घोड्याचं सीरम दिलं की विभाजनाच्या सायकलमधून बाहेर पडतात, मायोजेनिन वगैरे स्नायूची जीन चालू होतात आणि चारपाच दिवसांत एकमेकींत मिसळून (फ्यूज होऊन) लांबलचक मायोट्यूब, म्हणजे कोवळे स्नायूतंतू, होतात. म्युटंट रास असेल तर सीरम काढलं तरी आत "वाढ वाढ" हा निरोप चालूच, मायोडी (पेशीला स्नायू व्हायला लावणारं जीन) दबतं, म्हणजे पेशीला उपास कळतच नाही.

याचा सगळ्यात भारी पुरावा जुना आहे, १९७५ च्या आसपासचा. राऊस सार्कोमा व्हायरसचा (कोंबड्यांत कॅन्सर करणारा) असा म्युटंट घेतला की ज्याचं ऑन्कोजीन (ते पुढे सार्क म्हणून ओळखलं गेलं) कमी तापमानाला चालतं आणि जास्त तापमानाला बंद पडतं. पक्ष्यांच्या मायोब्लास्टमध्ये (स्नायू व्हायच्या आधीच्या पेशींत) तो घातला, थंडीत नुसत्या वाढत बसल्या, तापमान चढवल्यावर त्याच पेशी फ्यूज झाल्या. म्हणजे स्नायू व्हायचं त्या विसरल्या नव्हत्या, कोणीतरी दाबून धरलं होतं.

आता स्की. नाव स्लोन-केटरिंग या न्यूयॉर्कच्या कॅन्सर संस्थेवरून आलंय, बर्फावरच्या खेळाशी काही संबंध नाही (मला तीन वर्षं तसंच वाटायचं, जाऊ दे). कोंबडीच्या भ्रूणपेशी त्याने ट्रान्सफॉर्म होतात, पण १९८९ मध्ये क्वेल पक्ष्याच्या भ्रूणपेशींत, ज्या एरवी स्नायूच्या नव्हत्याच, ते घातल्यावर त्या मायोब्लास्टसारख्या वागायला लागल्या, आणि वाढीची रसद तोडली की चक्क मायोट्यूब. पुढच्याच वर्षी स्की घातलेले ट्रान्सजेनिक उंदीर आले, स्नायू पैलवानासारखे.

कोथरूडचा_मेकॅनिक
मी बायोलॉजीवाला नाही, गाड्यांवाला. मग हे अॅक्सिलरेटर आहे की ब्रेक?

पाषाणचा_पीएचडी
@कोथरूडचा_मेकॅनिक भाऊ, ब्रेकचा ऑइल पाईप कापणारं. टीजीएफ-बीटा नावाचा सिग्नल असतो, तो बऱ्याच पेशींची वाढ थोपवतो, आणि मजा म्हणजे तोच स्नायूंचं डिफरन्सिएशनही अडवतो. त्याचा निरोप स्मॅड प्रथिनं केंद्रकात नेतात, स्की त्या स्मॅडवर जाऊन बसतं आणि पुढची जीन चालू होऊ देत नाही. एकच पाईप कापला, दोन चाकं मोकळी. एवढ्यावरच नाही, सी२सी१२ मध्ये स्की सिक्स१ आणि आया३ या प्रथिनांबरोबर मिळून मायोजेनिन चालू करायला मदत करतं, आणि स्की कमी केलं तर डिफरन्सिएशनच अडतं. म्हणजे तुझ्या प्लेटमध्ये ते आधीपासून आहेच!

@गोंधळलेली_पेशी सरांना "दोन्ही एकाच वेळी करतं" असं सांगू नकोस, पकडतील. सीरम असताना वाढ, नसताना स्नायू. रासवाली पेशी सीरम गेल्याचं ऐकत नाही, स्कीवाली ऐकते, खरा फरक तिथे आहे.

स्लाईडवाली_ताई
पॅथॉलॉजीत आहे म्हणून एक भर घालते. लहान मुलांमधला ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूसारख्या पेशींचा कॅन्सर) बघ. त्या गाठीत मायोडी आणि मायोजेनिन दोन्ही रंगतात (स्लाईडवर रंग देऊन दिसतात), निदान त्यावरच करतो आम्ही, पण पेशी स्नायू होत नाहीत, अर्ध्या वाटेत अडकून विभागत राहतात. अल्व्हिओलर प्रकारात बहुतेकदा पॅक्स३ आणि फॉक्सओ१ ही जीन जोडली गेलेली सापडतात. तेव्हा मायोडी दिसलं म्हणजे स्नायू झाला असं प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस बाई, मायोसिन (स्नायूचं प्रथिन) रंगव आणि एका ट्यूबमध्ये केंद्रकं किती ते मोज.

गोंधळलेली_पेशी
ताई, दादा, खूप खूप थँक्यू!! आता जरा उलगडलं. पण एक लाजिरवाणा प्रश्न, माझ्या साध्या कंट्रोल पेशी, काहीच न घातलेल्या, त्याही गेल्या वेळी फ्यूज झाल्या नाहीत, रास नाही की काही नाही. शनिवार-रविवार फ्लास्क तसाच ठेवून गावी गेले होते.

पाषाणचा_पीएचडी
हा हा, मग ऑन्कोजीनला कशाला दोष. स्टॉक फ्लास्क गच्च भरला की फ्यूज होणाऱ्या पेशी तिथेच फ्यूज होऊन संपतात, मागे उरतात त्या न होणाऱ्या. फ्लास्क ७० टक्के भरायच्या आत पेशी नव्या फ्लास्कमध्ये पसरवत जा आणि आता जुनी व्हायल काढ, त्या फ्लास्कला ब्लीच दाखव.