गेमेलचे सहा तट आणि आपला गाविलगड: वीरगाथेत किल्ला आधी की माणूस?

परतवाड्याचा वाचक
डेव्हिड गेमेलची 'लेजंड' (1984) ही किल्ल्याच्या वेढ्याची इंग्रजी कादंबरी वाचून वीरगाथा लिहायला बसलेले आपले लोक तिच्यातल्या म्हाताऱ्या वीराची, ड्रसची, कुऱ्हाड उचलतात. उचलायची तर तटबंदी उचला. कादंबरीतल्या ड्रॉस डेल्नॉक किल्ल्याला एकामागे एक सहा तट, प्रत्येकाला नाव: पहिला एल्डिबार म्हणजे उल्हास, दुसरा मुसिफ म्हणजे नैराश्य, तिसरा कानिया म्हणजे नवी आशा, शेवटचा गेडन म्हणजे मृत्यू. एक तट सोडला की कथेचा सूर बदलतो. कोण कुठं लढतंय यात वाचक हरवत नाही. गाविलगडावर कादंबरी लिहायची तर दरवाजे, तलाव, दऱ्या आधी कागदावर मांडा, माणसं मग आत सोडा.

दर्यापूर
काहून भाऊ? हे उलटं झालं. 1976 साली गेमेलला कॅन्सर आहे असा डॉक्टरांना संशय होता, त्या दिवसांत त्यानं हा मजकूर लिहिला. किल्ला म्हणजे तो स्वतः, चाल करून येणारे नादिर म्हणजे आजार. किल्ला पडणार की टिकणार हे त्यानं मोकळं ठेवलं होतं, निदान आल्यावर ठरवायचं म्हणून. निदान चुकीचं निघालं, तो वाचला. ती भीती नसती तर सहा तट म्हणजे नुसत्या सहा भिंती. मोजमाप घेऊन हे येत नाही, बाप्पा.

चिखलदरा रोड
भीतीचं पटलं. पण गेमेलच्या तटांत एक खोट आहे, ती गाविलगड दाखवतो. शत्रू समोरूनच येतो आणि तट ओळीनं पडतात. डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेला थांबला आणि त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सननं डोंगर फिरून तोफा उत्तरेला, लबाडा गावाच्या बाजूला नेल्या. भोसल्यांच्या किल्लेदाराचा, बेनीसिंगचा, बाहेरचा तट फुटला. आतल्या किल्ल्याला मात्र खिंडार नव्हतं. 15 तारखेला कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला आणि खेळ संपला. खरा किल्ला असा एका दुबळ्या जागेवरून जातो. लिहिताना ती जागा पहिल्या भागातच दाखवा, पण सहज: पाणी आणणारा माणूस तिथून चढताना दिसला तरी पुरे. शेवटी एकदम शिडी आणली तर वाचक फसवलं म्हणतो.

परतवाड्याचा वाचक
शिडीचं मान्य. मग गेमेलच्या शेवटालाही हाच न्याय लावा. नादिरांचा सरदार उलरिक, त्याच्या मुलखात यादवी पेटते आणि तो वेढा उठवून जातो. किल्ला लढून वाचलाच नाही. मला तो शेवट कमजोर वाटतो.

दर्यापूर
मला नाही वाटत. पाच लाखांसमोर दहा हजारांपेक्षा कमी माणसं. त्यांनी जिंकायचं नव्हतंच, दिवस काढायचे होते. ड्रस स्वतः वेढा संपायच्या आत मरतो. दिवस काढणं हीच लढाई, आणि प्रत्येक तट म्हणजे मिळालेले आणखी थोडे दिवस.

आणि नवीन लिहिणाऱ्याला सांगतो, हल्ले एकसारखे झाले की तिसऱ्या तटाला पुस्तक मिटतं. दर तटाला एक गोष्ट बदला: एकदा पाणी, एकदा अफवा, एकदा सेनापती.

चिखलदरा रोड
पाण्याचं मात्र आधी बघा. गाविलगडावर तलाव आहेत, म्हणून तिथं तहानेचा वेढा खोटा वाटेल. दारूगोळा किंवा फितुरी घ्या.