महापालिकेची वीजबचत: आधी दिवे की पंप?

राजारामपुरीकर: कोल्हापूर महापालिकेच्या वीजबचतीची चर्चा बहुधा रस्त्यांवरील एलईडी दिव्यांपाशीच थांबते. पण शिंगणापूर आणि बालिंग्याहून नदीचे पाणी उपसणाऱ्या पंपांचे काय? सुरुवात कोठून करावी?

निवृत्त जलअभियंता: पंपांपासूनच. हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला तत्त्वतः 0.27 युनिट पुरते. परंतु इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजलेला आणि मोटर जुनी असेल, तर त्याच्या दुप्पट वीज सहज जाते. म्हणून प्रत्येक पंपाचा प्रवाह, दाब आणि वीजवापर एकाच वेळी मोजून कार्यक्षमता काढावी, मगच खरेदीचा विचार करावा.

मंगळवार पेठ: सर, गळतीही यातच धरायला हवी ना? आमच्या गल्लीत पाणी सुटले की व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून थेट गटारात वाहते.

निवृत्त जलअभियंता: अवश्य, ताई. त्या पाण्यावर उपशाची आणि शुद्धीकरणाची वीज आधीच खर्च झालेली असते, त्यामुळे मला तर गळती काढणे हीच सर्वांत मोठी बचत वाटते. पंपाच्या मोटरचा वेग कमी-जास्त करणारे वेगनियंत्रक मात्र सरसकट बसवू नयेत: जिथे बहुतेक दाब केवळ उंची गाठण्यासाठी लागतो, तिथे वेग फार उतरवला तर पाणी टाकीत चढतच नाही.