मोजणी गावच्याच पोरांनी केली
तज्ज्ञ बाहेरून येतात, अहवाल लिहून जातात, जमीन आहे तिथंच राहते, असं जमिनीच्या मोजणी-नोंदणीबद्दल बऱ्याचदा म्हटलं जातं. बऱ्याच ठिकाणी खरंही असेल, पण आफ्रिकेतल्या रवांडा देशात तसं झालं नाही. तिथं 2009 पासून चारेक वर्षांत जमिनीच्या एक कोटीहून जास्त तुकड्यांची नोंद झाली. परदेशी सल्लागार होतेच, पण बांधावर उभी होती गावातलीच, थोडं प्रशिक्षण दिलेली माणसं. हातात विमानातून काढलेल्या फोटोची छापील प्रत. शेजारी-शेजारी बांधावरून चालायचे, हद्द कबूल झाली की फोटोवर पेनानं रेघ. (आपल्याकडे मोजणीची तारीख मिळेपर्यंत निम्मा जन्म जातो!)

गोची निघाली ती वेगळीच. सुरुवातीच्या प्रायोगिक गावांत कायदेशीर लग्न झालेल्या बायकांची नावं नवऱ्यासोबत व्यवस्थित लागली. पण लग्नाची नोंदणी न करता संसार थाटलेल्या बायका कागदावरून गळाल्या. आधी कागदच नव्हता, तेव्हा निदान त्यांचा वहिवाटीचा हक्क गाव मानत तरी होतं. हे अभ्यासकांच्या पाहणीत दिसलं आणि देशभर काम सुरू करताना नोंदणीची पद्धत सुधारली. ही पाहणी करणारेही बाहेरचेच तज्ज्ञ होते बरं का.