चंदगडच्या पेशंटला कोल्हापूरचा कार्डिओलॉजिस्ट कसा उपयोगी पडतो

'शहरात बसलेल्या कार्डिओलॉजिस्टचा चंदगड-गगनबावड्याला काय उपयोग?' असा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या या लांबच्या तालुक्यांबद्दल पडू शकतो. उपयोग आहे, पण तो फोनवरून सुरू होतो.

  

 छातीत दुखत असेल तर जवळच्या रुग्णालयात पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी, आणि त्याचा फोटो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डिओलॉजिस्टला. मोठा अटॅक दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं, होणार नसेल (चंदगडहून ती जिथे करतात ती कोल्हापूरची कॅथलॅब गाठेपर्यंतच ही मिनिटं बहुधा संपतात), तर रक्तस्रावाचा धोका तपासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात, अर्ध्या तासात. टेनेक्टेप्लेज या अशा इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो. पंचाहत्तरीपुढे बहुधा निम्मा. मग अँब्युलन्स, अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) साधारण २ ते २४ तासांत.

घोळ होतो तो हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये. पोटात जळजळ, उलटी, घाम. 'अ‍ॅसिडिटीच असेल' म्हणून सोडा पिऊन रात्र काढतात. ईसीजीत लीड २, ३ आणि एव्हीएफ यांच्या रेषा वर उचललेल्या दिसल्या की छातीच्या उजव्या बाजूची व्ही४आर ही लीडही काढायलाच हवी. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल आणि कुणी सवयीने जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवली, तर बीपी धाडकन कोसळतं. घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका म्हणतो, ते याचसाठी.