मदत हवी आहे: एसएस 304 (स्टेनलेस स्टील) मध्ये एम8 टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटतोय

304 च्या जाड प्लेटमध्ये एम8 × 1.25 (8 मिमी व्यास, 1.25 मिमी पिच) चे ब्लाइंड होल (आरपार नसलेली भोकं) आहेत. 6.8 मिमी ड्रिल, खोली 22, आटे 16 मिमीपर्यंत. टॅप स्पायरल फ्लूट (पिळाच्या खोबणीचा), एचएसएस-ई (कोबाल्टयुक्त हायस्पीड स्टील), 200 आरपीएम, सल्फरयुक्त कटिंग ऑइल. टॅप 12 मिमीच्या आसपास अडकतो आणि उलटा फिरवताना तुटतो. तुटक्या टॅपच्या खोबणीत बुरा घट्ट ठासलेला असतो.

माझा संशय ड्रिलवरच आहे. धार बोथट झाली किंवा फीड (दर फेऱ्याला ड्रिल आत जाण्याचं अंतर) कमी पडला की ड्रिल कापण्याऐवजी घासतं, भोकाची भिंत कडक होते आणि टॅपला तोच कडक थर कापावा लागतो. सध्या 650 आरपीएमला फीड 0.08 मिमी आहे, 0.12 पर्यंत वाढवावा का? 6.9 चं ड्रिल घेतलं तर 6एच (आतल्या आट्यांचा टॉलरन्स वर्ग) ची 6.912 मिमीची कमाल मर्यादा भोक मोठं पडून ओलांडली जाईल, ही धास्ती आहे. कोणी 304 मध्ये 6.9 वापरता का?