‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणजे काय? आयुष्मान कार्डाचे पत्रक सोपे कसे करावे?

ऐरोलीची_स्वयंसेविका:
आमचे महिला मंडळ दिघा येथील वस्तीत आयुष्मान कार्डाच्या नोंदणीचे शिबिर घेणार असून त्याचे एकपानी पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाती आलेल्या नमुन्यात ‘पात्र लाभार्थी कुटुंबास प्रतिवर्षी पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण अंगीकृत रुग्णालयांत निःशुल्क उपलब्ध’ असे वाक्य आहे. ते मी चार घरी वाचून दाखवले, तेव्हा एका ताईंनी पाच लाख बँकेत कधी जमा होणार असे विचारले, तर दुसऱ्या घरी माणशी पाच लाख असा हिशेब झाला. नुसते शब्द बदलून भागेल का, की मांडणीच चुकली आहे?

निवृत्त_लिपिक_ठाणे:
असली वाक्ये मी नोकरीत पुष्कळ लिहिली, तेव्हा दोषात माझाही वाटा आहे. ‘अंगीकृत’ काढून ‘ही योजना चालते ती रुग्णालये’ असे लिहावे आणि खाली जवळच्या रुग्णालयांची नावेच द्यावीत. ‘निःशुल्क’ऐवजी ‘मोफत’ पुरेसे आहे. ‘आंतररुग्ण’ हा शब्द कितीही शुद्ध असला तरी लोक ‘ॲडमिट’च म्हणतात.

मदतकक्षावरची_ताई:
मी काही वर्षे रुग्णालयाच्या मदतकक्षात बसले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सर्वांत जास्त वाद ‘मोफत’ या शब्दावरून होत असत, कारण माणूस शुगरची तपासणी आणि महिन्याची औषधे घ्यायला कार्ड घेऊन येई आणि ही योजना ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, हे त्याला तिथेच पहिल्यांदा कळे. त्यामुळे काय मिळत नाही, हे पहिल्या चार ओळींतच सांगावे. पाच लाख ही सगळ्या घराची वर्षभराची एकच मर्यादा आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेला दोन लाख लागले, तर त्या वर्षी घरातल्या सर्वांसाठी मिळून तीन लाख उरतात, असे उदाहरण द्यावे. उदाहरणात सत्तरी ओलांडलेले आजोबा मात्र घेऊ नयेत. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंब आधीच योजनेत असेल, तर त्यांना स्वतंत्र पाच लाख मिळतात. आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो, हे ठळक छापावे, कारण लोक भीतीपोटी तो लपवतात.

वागळे_इस्टेटकर:
एक हरकत नोंदवतो. सोपे करण्याच्या भरात ‘पात्र’ गाळून ‘सर्वांना मिळेल’ असे लिहिले, तर शिबिराच्या दिवशी भांडणे होतील. ‘तुमचे नाव यादीत आहे का, ते आम्ही पाहून देऊ’ असे लिहावे. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत आणावा, हेही कागदपत्रांच्या ओळीतच हवे, नाहीतर ओटीपीसाठी माणूस घरी परत जातो. शिवाय पत्रक वाचून दाखवल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, त्यावर प्रत्येक जण मान हलवतो. ‘शेजारणीला हे कसे सांगाल?’ असे विचारावे.

ऐरोलीची_स्वयंसेविका:
सर्वांचे आभार. नवा मसुदा असा: ‘ॲडमिट व्हावे लागले, तर योजनेत असलेल्या आजारांवरील उपचारांचे पैसे सरकार थेट रुग्णालयाला देते. तुमच्या खात्यात पैसे येत नाहीत. पूर्ण घराला मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत. कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी 14555.’ रविवारी तो प्रथम बँकेचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनाच वाचून दाखवणार आहे.